झेंडा डाव्या हाताला

८ जानेवारी, बुधवार

ताईचा फोन. नेहमीप्रमाणे मंगलाचरण नाही.

"दादा वीस मार्चला चाललाय. लेकीकडे, कायमचा."

"बरं."

"बरं काय? समुद्रापलीकडे चाललाय. पुढच्या गल्लीत नाही."

मी पुन्हा 'बरं' म्हटलं. चोवीस वर्षं वार्ताहर आहे. लोकांच्या तोंडून वाक्यं काढणं हा माझा धंदा. सख्ख्या भावाची बातमी आली आणि माझ्या तोंडून निघालं ते एक अव्यय.

"आणि शेडमधलं ते धूड हलव. मला तिथे कुंड्या ठेवायच्यात," असं म्हणून तिने फोन ठेवला.

धूड म्हणजे दादाची मोटारसायकल. रस्ता सोडून डोंगरात, दगडधोंड्यांत पळवायची. आई-वडिलांचं घर आता ताईकडे, म्हणून शेडही तिची. दादा त्या घरातून गेला त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं तो आणि मी बोललेलो नाही. एका गावात राहून हे जमवायला दोन्ही बाजूंनी मेहनत लागते. कोणत्या दुकानात कोण किती वाजता जाणार, याचं वेळापत्रक आम्ही एक शब्द न बोलता ठरवून घेतलं आहे.

११ जानेवारी, शनिवार

शेड उघडली. टाकी एके काळी लाल होती, हे मला माहीत आहे म्हणून म्हणायचं. दोन्ही चाकं खाली बसलेली. सीटमध्ये उंदरांच्या चार-पाच पिढ्या सुखाने नांदून गेल्याच्या खुणा. डाव्या बाजूला किकचा दांडा असायचा, तिथे नुसता खाचांचा खुंट.

दादा गेला त्या दिवशी त्याच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं तो शर्यतीचा करंडक. आज आठवलं, करंडक तर त्याआधीच परत घेतला होता.

घरी येऊन जाहीर केलं की गाडी चालू करणार. वीस मार्चच्या आत. दादाला ती टेकडीवर एकदा नेऊ द्यायची, मग जाऊ दे खुशाल समुद्रापलीकडे.

बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "भाऊजी येतील?"

"ताई आणेल त्याला. मी झाडामागे उभा राहीन."

"आणि गाडी दुरुस्त कोण करणार?"

"मी."

"गेल्या महिन्यात तुम्ही नळाचा वॉशर बदललात. आठवतंय? अजून बादली खालीच आहे."

१२ जानेवारी, रविवार

दैनंदिनीतही खरं लिहायचं नसेल तर वर्तमानपत्र आहेच. म्हणून एकदा लिहून टाकतो.

बावीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या शर्यतीत दादा पहिला आला. माथ्यावरच्या खडकापाशी एक झेंडा रोवला होता; तो डाव्या हाताला ठेवून वळायचं, असा नियम. दादाने तो डाव्या हाताला ठेवला. मी तीन पावलांवर वही घेऊन उभा होतो. तिथला पंच नेमका त्या वेळी आडोशाला गेला होता. दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली: 'झेंडा सव्य ठेवून त्याने लीलया वळण घेतले.'

संस्कृतात सव्य म्हणजे डावा. मी संस्कृत शिकलेला नवा वार्ताहर. 'डावा' हा शब्द मला फार उघडाबोडका वाटला. मराठी माणूस मात्र सव्य म्हणजे उजवा समजतो. त्यात त्याची चूक नाही, मराठीत तसंच रुळलं आहे. दुसरा आलेल्याने तक्रार ठोकली. पंचाकडे नोंद नाही. समितीपुढे लेखी पुरावा एकच, माझी बातमी. त्यांनी मला फोन केला. "तुम्ही सव्य असं लिहिलंय. तो शब्द बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "शब्द अचूक आहे."

कशासाठी विचारताय, हे विचारलंही नाही. माझ्या शब्दाची कोणी चौकशी करतंय यानेच मी दोन बोटं वर तरंगत होतो.

दादा बाद झाला. करंडक गेला, दोन वर्षांची बंदी आली, आणि फसवून जिंकणारा म्हणून गावात नाव झालं ते वेगळं. घरी येऊन मला एवढंच म्हणाला, "जा आणि डावा म्हणून सांग."

मी समितीला सहा पानी पत्र लिहिलं. सव्य शब्दाची व्युत्पत्ती, अर्थांतर, रूढी. सहाव्या पानाच्या तळाशी कुठेतरी 'डावा' होता. तिथपर्यंत कोणी पोचलं नाही. मी शब्दाची बाजू लावून धरली. भावाची धरायची राहून गेली.

मग पहिल्या वर्षी राग होता, दुसऱ्या वर्षी लाज. पुढे सवय झाली.

१९ जानेवारी, रविवार

इंजिन सोडवलं. व्याकरणात सामासिक शब्द सोडवून दाखवण्याला विग्रह म्हणतात. भांडणालाही विग्रहच म्हणतात. एका बोल्टशी मी दोन तास दोन्ही अर्थांनी विग्रह केला.

बायको दंतवैद्य आहे. तिने दवाखान्यातला दांडीवाला छोटा आरसा दिला. "आत कीड किती आहे ते आधी बघा. उपटायचं की भरायचं ते मग." सिलिंडरमध्ये आरसा घातला. बरंच उपटावं लागेल असं दिसतंय.

२६ जानेवारी, रविवार

आमच्या कचेरीच्या मागच्या गल्लीत एक बाई लेथवर लोखंडाचे भाग कातून देते. साठीची असावी. सगळे तिला टर्नरबाई म्हणतात. मी तिच्यासमोर डबा उघडला आणि गाडीच्या कंपनीचं नाव सांगितलं.

"ही कंपनी बुडून तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "नाव कशाला सांगता? माप सांगा."

"माप मला कुठलं ठाऊक?"

"मग मोजू." तिने व्हर्नियर काढला. "अहो वार्ताहर, नावाने मागाल तर कोणी देणार नाही. मापाने मागाल तर सगळं मिळेल. या बेअरिंगवर काय लिहिलंय?"

मी गंज पुसून नंबर वाचला.

"हे तुमच्या घरी आहे. कपडे धुवायच्या यंत्रात."

तिसऱ्या प्रहरापर्यंत यादी झाली. चाकांची बेअरिंग धुलाईयंत्राची. ऑइल सील पाण्याच्या पंपाचं. रिंगा फवारणीच्या इंजिनाच्या, दोन दशांश घासून. क्लचच्या प्लेटी टपालखात्याच्या जुन्या गाड्यांच्या. ठिणगी पाडणारे पॉइंट स्कूटरचे. व्याकरणात मूळ अक्षर हटवून त्याच्या जागी दुसरं येऊन बसतं, त्याला आदेश म्हणतात. आणि जागेवर बसला की तो मुळाचीच कामं करतो, कोणी त्याला कुठून आलास असं विचारत नाही. हे मी टर्नरबाईंना समजावून सांगितलं.

"आम्ही त्याला 'बसतंय' म्हणतो," त्या म्हणाल्या.

फक्त एक वस्तू यादीत शिरेना: किकचा दांडा. जगातल्या बहुतेक गाड्यांची किक उजवीकडे, हिची डावीकडे. त्यातून खाचा एकोणीस. "एकोणीस म्हणजे कोणाच्यातरी डोक्यातला किडा," टर्नरबाई म्हणाल्या. "हा मी बाजारात पाहिलेला नाही."

२ फेब्रुवारी, रविवार

ताईने एक पत्ता दिला. जुन्या गाड्यांचे भाग ठेवणारा कोणी एक. पत्ता नुसता टपालपेटीचा, तोही आपल्याच गावचा.

"फोन नाही?"

"घेत नाही. पत्र लिही. तऱ्हेवाईक आहे जरा," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली.

पत्र लिहिलं. गाडीचं वर्णन, इंजिनाची अवस्था, आणि 'सव्य बाजूच्या किकचा दांडा उपलब्ध असल्यास कृपया कळवावे.' माणूस जुन्या वळणाचा असणार, म्हणून भाषा जरा बेतशीर ठेवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं. टंकलिखित, अर्धं पान.

'महाशय, सव्य बाजू म्हणजे कोणती? डावी की उजवी, ते मराठीत लिहावे. या शब्दावर माझ्याकडे व्यवहार होत नाही. तो एकदा अंगाशी आला आहे. तुम्ही सांगता त्या गाडीची किक डावीकडे असते. तिला दुसऱ्या कुठल्याही गाडीचा दांडा बसत नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. दांडा एकच आहे आणि तो सध्या देण्याचा विचार नाही. टाकीला डावीकडे खालच्या अंगाला पोचा असेल, त्याच्या आत गंज साठतो. साखळीचा तुकडा घालून टाकी खळखळवा. मॅग्नेट घड्याळाच्या उलट फिरतो, हे ठिणगीचे टायमिंग लावताना विसरू नका. आपला, सुटे भाग.'

म्हणजे सव्य शब्दाने पोळलेले आम्ही दोघं आहोत तर! बहुधा कोणीतरी चुकीच्या बाजूचं कव्हर मागवलं असावं.

टाकीला पोचा आहे. शिकताना मीच पाडली होती. या जातीच्या गाडीवरून सगळे त्याच बाजूला पडत असावेत. आणखी एक गंमत: पत्रातला प्रत्येक 'ळ' ओळीच्या वर उडालेला. आमच्या वडिलांच्या टाइपरायटरचा 'ळ' अगदी असाच उडायचा. त्या कंपनीच्या सगळ्याच यंत्रांत हा दोष असणार.

हे बायकोला वाचून दाखवलं. ती टॉवेलमध्ये तोंड घालून बराच वेळ खोकत होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही बातम्या कशा हो आणता?"

"वही-पेन्सिल घेऊन," मी म्हणालो. एवढं काय त्यात विचारायचं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाकी खळखळवली. आतून जे निघालं त्यात एक अख्खी गांधीलमाशी होती. टर्नरबाईंनी सिलिंडर घासून दिला, रिंगा बसल्या. सुटे भागवाल्यांना आणखी दोन पत्रं गेली, दोन उत्तरं आली. मी 'डावा' आणि 'उजवा' असं स्वच्छ लिहितो आहे. सुरुवातीला हाताला जड जात होतं.

माणूस तुसडा आहे, पण माहिती द्यायला हात आखडत नाही. कार्बोरेटरची सुई वरून तिसऱ्या खाचेत ठेवा, म्हणून त्याने सांगितलं. पाहिलं, तर इतकी वर्षं ती तिथेच होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

किक नाही म्हणून गाडी ढकलून चालू करायचं ठरलं. जागा: ताईच्या घरामागची गल्ली. गाडीवर मी, मागे टर्नरबाई आणि ताई. बायको कठड्यावर बसून, प्रथमोपचाराची पेटी शेजारी घेऊन.

"क्लच सोडा!" टर्नरबाई ओरडल्या. सोडला. गाडी खोकली, एक झटका बसला, आणि बावीस वर्षांनी इंजिन सुरू झालं. मला काय वाटलं ते लिहीत बसत नाही. थ्रॉटल पिळला.

गाडी मागे निघाली.

मी पुढे बघतोय, गाडी मागे चाललीय. टर्नरबाई एका बाजूला उडाल्या, ताई दुसऱ्या. ताईची कपडे वाळत घालायची दोरी माझ्या पाठीवर आली, आणि उशांच्या चार अभ्र्यांसह आम्ही शेडच्या दारात जाऊन टेकलो.

"दोन स्ट्रोकचं इंजिन आहे," टर्नरबाई धूळ झटकत म्हणाल्या. "टायमिंग उलटं लागलं तर उलटंही पळतं. मॅग्नेट कोणत्या बाजूने फिरवून खूण केलीत?"

मी हाताने दाखवलं.

"घड्याळाच्या उलट फिरवायचं होतं."

"मी घड्याळाच्या उलटच फिरवलं."

"कुठे उभं राहून?"

मी गाडीच्या उजवीकडे उभा होतो. मॅग्नेट डावीकडे आहे. म्हणजे पुन्हा तेच. बावीस वर्षांत एवढीच प्रगती, की या वेळी बाद मी झालो.

१ मार्च, शनिवार

अभ्र्यांचा सगळा वृत्तान्त सुटे भागवाल्यांना कळवला होता. आज उत्तर.

'पंडित, मागे जाणारी मोटारसायकल मी आयुष्यात प्रथमच ऐकली. दोनदा वाचले. दुसऱ्यांदा कोणाला तरी वाचून दाखवले. पॉइंट सैल करून, डाव्या बाजूला उभे राहून पुन्हा खूण करा. आता एक विचारतो. एवढी यातायात कोणासाठी? आपला, सुटे भाग.'

मी संस्कृत शिकलोय हे मी त्यांना कधी लिहिलेलं नाही. पण 'महाशय'वरून 'पंडित'वर आले, म्हणजे जवळीक वाढली. बरं वाटलं. दादाही मला पंडित म्हणायचा. लोकांना हे एकच विशेषण सुचतं.

५ मार्च, बुधवार

उत्तर लिहायला बसलो. सगळं सांगायचं ठरवलं. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं. चार वाजेपर्यंत सहा पानं झाली. वाचून पाहिलं. झेंडा पाचव्या पानावर आला होता.

कागद घडी करून टर्नरबाईंकडे गेलो; बुशिंग आणायचंच होतं. विचारलं, "सहा पानांची गोष्ट थोडक्यात सांगायची तर?"

लेथ बंद न करता त्या म्हणाल्या, "कापा. बसेपर्यंत कापा. पण जास्त कापू नका, परत जोडता येत नाही."

पोस्टात उभ्या उभ्या लिहिलं:

'गाडी माझ्या भावाची आहे. शर्यतीत झेंडा त्याच्या डाव्या हाताला होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो बरोबर होता, मी चुकलो. वीस तारखेला तो जातोय, त्याआधी त्याने ही एकदा चालवावी अशी इच्छा आहे. दांडा मिळाला तर उपकार होतील.'

पेटीत टाकलं. परत येताना पाय हलके वाटत होते. तेवढ्यात जाणवलं, की हे ज्याला सांगायला हवं होतं तो सोडून मी एका टपालपेटीला सांगून आलो.

१२ मार्च, बुधवार

उत्तर नाही. एरवी चार दिवसांत येतं.

टर्नरबाईंनी दोन दांडे कापून, जोडून एक करून पाहिला. त्याच्या टोकाचा अठरा खाचांचा कान घासून खुंटावर ठोकला. दुसऱ्या किकेला सटकला आणि माझी नडगी सोलवटली. "नाही बसत," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. काही जागांना आदेशच होत नाही. तिथे मूळच लागतं.

टायमिंग मात्र आता बरोबर आहे. ढकलली की पुढे जाते. पण अठ्ठावन्न वर्षांच्या दादाने, ज्याचा उजवा गुडघा ताईच्या सांगण्याप्रमाणे पावसाची आगाऊ सूचना देतो, ती ढकलत टेकडी चढायची का?

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी कचेरीत संपादकांपुढे कागद ठेवला. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.

"शुद्धिपत्र? कालच्या पाणीपुरवठ्याच्या बातमीचं?"

"नाही. बावीस वर्षांपूर्वीच्या शर्यतीचं."

त्यांनी कागद वाचला, मग मला वाचलं. "खुलासा आठ दिवसांत छापायचा असा आपला नियम आहे."

"थोडा उशीर झाला खरा."

"आता कोण वाचणार हे?"

"एकाने वाचलं तरी पुरे. तो सोळा मार्चनंतर सामान बांधायला घेईल, म्हणून जरा घाई आहे."

त्यांनी कागदावर पान चार असा शेरा मारला. मग पुन्हा उचलून चार खोडलं आणि तीन केलं.

१७ मार्च, सोमवार

आलं. पान तीन, खालचा कोपरा, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या शेजारी:

'शुद्धिपत्र. बावीस वर्षांपूर्वी या दैनिकात टेकडीवरील शर्यतीच्या वृत्तात "झेंडा सव्य ठेवून" असे छापले गेले. झेंडा विजेत्याच्या डाव्या हाताला होता. विजेत्याने नियम पाळला होता. चूक वार्ताहराची.'

बायकोने दोनदा वाचलं. "यात एकही जोडाक्षर कठीण नाही," ती म्हणाली. आमच्या घरात याहून मोठी स्तुती होत नाही.

मग शेजारी बसली. "एक विचारू? ते सुटे भागवाले. त्यांना पोचा माहीत, सुई माहीत, सव्य शब्द नको, तुम्हाला पंडित म्हणतात आणि मुक्काम याच गावात. तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

"वाटतं ना. फार अनुभवी माणूस आहे."

ती उठून आत गेली.

१८ मार्च, मंगळवार

हे जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी शेडमध्ये साखळीला तेल देत होतो. दारात सावली पडली. मला वाटलं ताई. म्हटलं, "कुंड्या उद्यापासून ठेव. हलवतो मी हे."

"किकचा दांडा मागवला होता का इथे?"

मी वळलो. दादा. केस पार पांढरे, काखेत कापडात गुंडाळलेली वस्तू, आणि चेहरा टपाल पोचवायला आल्यासारखा.

"सुटे भाग," तो म्हणाला.

पोचा, सुई, 'ळ', 'पंडित', सगळं एकदम डोक्यात बसलं. खाच न् खाच. आणि मी काय म्हणावं?

"बरं."

"बरं काय? सही कर पोच मिळाल्याची."

मी सही केली नाही, कारण मला कागद दिसत नव्हता. डोळ्यांचं काहीतरी झालं होतं. तेलाचा हात लागला असेल. दादा आत आला, उंदरांच्या सीटवर हात फिरवून म्हणाला, "परवा ताईने तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं. मोठ्याने. मला जमेना, मग तिनेच वाचलं. तिलाही जमेना."

"मग उत्तर का नाही पाठवलंस?"

"पाठवणार होतो. टाइपरायटरपाशी बसलो. सहा ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मग काल पान तीन पाहिलं. ते पत्र तू एका दुकानदाराला लिहिलं होतंस, पंडित. हे तू गावाला लिहिलंस."

त्याने कापड सोडलं. दांडा. बावीस वर्षं तेल लावून, पुसून ठेवलेला, आरशासारखा.

"नेलास कशाला?" मी विचारलं.

"माझ्या पश्चात तू चालवू नयेस म्हणून."

"मला तर ती येतही नाही चालवता."

"तेही होतंच. टाकी वाचली."

दांडा खुंटावर ठेवला. हातोडी नाही, काही नाही. नुसता दाबला आणि तो गेला आत. टर्नरबाईंनी तो आवाज ऐकायला हवा होता. दादाने डावा पाय टाकला. पहिली किक, काही नाही. दुसरी. तिसऱ्याला ती पेटली. निळा धूर शेडभर झाला, आणि ताई कुठूनशी धावत आली नि दारातच थबकली. ती रडतेय की खोकतेय ते धुरात कळेना.

"मागे तर जात नाही ना?" दादा ओरडून म्हणाला.

१९ मार्च, बुधवार

टेकडी. आम्ही पाच जण. टर्नरबाईंनी आज लेथ बंद ठेवला. ताईने खडकापाशी काठी रोवून तिला त्या दिवशी माझ्या पाठीवर आलेल्यांतला एक उशीचा अभ्रा बांधला. मी झाडामागे उभा राहणार होतो, पण बायकोने माझ्या हातात वही-पेन्सिल दिली आणि तीन पावलांवर उभं केलं.

खालून आवाज चढत आला. धुलाईयंत्राची बेअरिंग, पंपाचं सील, टपालखात्याचा क्लच, सगळे मिळून दादाला वर घेऊन आले. खडकापाशी त्याने गाडी वळणात आडवी झुकवली. अभ्रा त्याच्या खांद्याला घासून गेला. वळता वळता ओरडला, "काय लिहिलंस?"

"डावा!"

"दाखव!"

मी वही उंच धरली. पानभर एकच शब्द होता.

२० मार्च, गुरुवार

दादा गेला. त्याच्या पाकिटात पान तीनचं कात्रण आहे. निघताना पुन्हा पुन्हा खिसा चाचपत होता. मला म्हणाला, "पत्र लिही. मराठीत." मी हो म्हटलं. टपालपेटीचा पत्ता आता बदलला आहे, एवढंच.

परत येताना ताईला म्हटलं, "शेड उद्या रिकामी करतो. तुझ्या कुंड्या."

"कसल्या कुंड्या? माझ्या घरात एक तुळसही जगत नाही."

तरी शेडमध्ये गेलो. इंजिन केव्हाच गार झालं होतं. दादा सकाळी निरोप घ्यायला एकटाच इथे येऊन गेला होता, ते आठवून आधी डावीकडे बघायचा धीर होईना. मग बघितलं. कापड घडी करून सीटवर ठेवलं होतं. दांडा जागेवर होता.